पंचेचाळीस अक्षरांचा शब्द आणि छातीतली धूळ

न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस. इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांत छापला गेलेला सर्वांत लांब शब्द म्हणून याची ख्याती आहे. इंग्रजीत लिहिला तर अक्षरे भरतात ४५. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत, शाळांच्या प्रश्नमंजूषेत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत तो हटकून भेटतो. एखादे सात-आठ वर्षांचे पोर तो एका दमात म्हणून दाखवते, घरचे कौतुकाने टाळ्या वाजवतात आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये असे मला वाटते. हा शब्द एका आजाराचे नाव आहे. त्या आजाराने मरणारी माणसे या देशात आहेत, या राज्यात आहेत, आपल्या वस्त्यांतही आहेत. गंमत म्हणून हा शब्द लाखो लोकांना पाठ आहे. पण त्याच आजाराचे जे छोटे, चार तुकड्यांचे नाव आहे, ते मात्र ज्याला आजार झालाय त्यालाच कोणी सांगत नाही. या उलट्या कारभाराबद्दल मला आज बोलायचे आहे.

आधी उच्चाराचे पाहू, कारण लोक अडतात ते तिथेच. वास्तविक लांब शब्द फोडून वाचायची विद्या आपल्या घरात जुनी आहे. मकतबात बसलेल्या प्रत्येकाने हिज्जे केलेले असतात. नूरानी कायदा समोर ठेवून एकेक हर्फ, त्यावरचा जबर-जेर-पेश सुटा म्हणायचा, मग दोन जोडायचे, मग तीन, आणि शेवटी अख्खा शब्द. मराठी शाळेत गुरुजी जोडाक्षर फोडून दाखवतात तेही हेच. ज्याने असे हिज्जे केलेत त्याला कुठल्याही लांब शब्दाची भीती वाटायचे कारण नाही.

तर या शब्दाचे हिज्जे असे: न्यू-मो-नो, अल्-ट्रा, माय-क्रो-स्को-पिक, सि-लि-को, व्हॉल-के-नो, को-नि-ओ-सिस. तीन, दोन, चार, तीन, तीन, चार. एकूण १९ तुकडे. इंग्रजीत सुरुवातीला 'पी' लिहितात, पण तो उच्चारत नाहीत. मूळ ग्रीकमध्ये तो 'प्' उच्चारला जायचा. इंग्रजीने तोंडातून तो काढला आणि कागदावर तसाच ठेवला. आपल्या देवनागरीत असली अडचण नाही, जे बोलायचे तेच लिहायचे. न्यूमोनिया आपण 'न्यू'नेच सुरू करतो, तसाच हाही. इंग्रजी बोलणारे शेवटच्या भागातल्या 'ओ'वर जोर देतात: कोनि-ओ-सिस. मराठीत असा आघात देण्याची रीत नाही. सगळे तुकडे सारखे म्हटले आणि तो 'ओ' किंचित लांबवला तरी समोरच्याला नीट कळते.

पण हिज्जे आले म्हणजे वाचन आले, समज आली असे नव्हे. तजवीद शिकवणारे उस्ताद हर्फ कुठून निघतो ते शिकवून थांबत नाहीत. ते वक्फही शिकवतात, म्हणजे कुठे थांबायचे आणि कुठे थांबायचे नाही. भलत्या जागी थांबलात तर अर्थ बिघडतो. या शब्दाचेही तसेच आहे. १९ तुकडे आवाजाचे झाले. अर्थाचे तुकडे त्याहून कमी आहेत, आणि थांबायचे ते तिथे.

न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, हा ग्रीक शब्द. अल्ट्रा म्हणजे पलीकडचे, हा लॅटिन. मायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकातून पाहावे इतके बारीक. सिलिको म्हणजे सिलिका; लॅटिनमध्ये गारगोटीला जो शब्द आहे त्यावरून तो आला. व्हॉल्केनो म्हणजे ज्वालामुखी. कोनि म्हणजे धूळ, पुन्हा ग्रीक. आणि ओसिस म्हणजे विकार. सगळे जोडून साध्या मराठीत सांगायचे तर ज्वालामुखीतून उडालेली गारगोटीची अतिबारीक धूळ फुप्फुसात बसून होणारा आजार. यातला ज्वालामुखी काढून टाका, 'अतिबारीक'ही सोडा. जे उरते त्याला डॉक्टर लोक सिलिकोसिस म्हणतात. सि-लि-को-सिस. चार तुकडे. कुठल्याही दवाखान्याच्या कागदावर हा ४५ अक्षरांचा शब्द लिहिला जात नाही. रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार एवढीच नोंद आहे.

मग हा लांबलचक शब्द आला कुठून? वैद्यकातून नव्हे. १९३५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले होते. संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी हा शब्द तयार केला आणि हेराल्ड ट्रिब्यून या वर्तमानपत्राने त्याची बातमी छापली. वैद्यकातली नावे किती लांब होत चालली आहेत याची ती थट्टा होती. पुढे शब्दकोशांनी तो उचलला.

आता त्याच काळात त्याच देशात काय चालले होते ते पाहा. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात गॉली ब्रिज गावाजवळ हॉक्स नेस्ट नावाच्या ठिकाणी डोंगरातून बोगदा खणला गेला, १९३० आणि १९३१ मध्ये. वीजनिर्मितीसाठी नदीचे पाणी वळवायचे होते. डोंगराच्या पोटातला खडक जवळजवळ शुद्ध सिलिकाचा निघाला. कामाला होते ते बहुतेक दक्षिणेकडून पोटासाठी आलेले काळे मजूर. कोरडे ड्रिलिंग चालायचे, धुळीने समोरचा माणूस दिसायचा नाही, मजुरांना मुखवटे नव्हते. काही महिन्यांतच माणसे दम लागून मरू लागली. १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षी झाल्या. पन्नास वर्षांनी, १९८६ मध्ये, मार्टिन चर्नियाक या डॉक्टरांनी या प्रकरणावर पुस्तक लिहिले. त्यांनी मृत्यूंचा अंदाज ७६४ असा काढला. त्या वेळी यातल्या कितीतरी मजुरांचा आजार न्यूमोनिया म्हणून लिहिला गेला होता.

म्हणजे एकीकडे या आजाराचे जगातले सर्वांत लांब नाव कौतुकाने छापले जात होते आणि दुसरीकडे त्याच आजाराने मेलेल्यांच्या कागदावर भलतेच नाव पडत होते. कोडी सोडवणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी खेळ केला, आणि खेळ करण्यात वाईट काही नाही. पण नाव माहीत असणारे एक आणि ते नाव अंगावर वागवणारे दुसरे, ही फारकत आपल्याकडे आजही तशीच आहे.

आपल्याकडची उदाहरणे फार दूर नाहीत. पाटी-पेन्सिल घेऊन आपण बाराखडी गिरवली. त्या दगडी पेन्सिली बनवण्याचे मोठे केंद्र होते मध्य प्रदेशातले मंदसौर. दगड कापताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जायची. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथे तपासणी केली तेव्हा निम्म्याहून अधिक कामगारांत सिलिकोसिस आढळला. त्या कामगारांसाठी मध्य प्रदेशाला १९८२ मध्ये कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. आपण ज्या पेन्सिलीने अक्षरे जोडायला शिकलो ती घडवणाऱ्याची छाती अशी दगड होत होती.

दुसरे उदाहरण तर आपल्या बोटातले आहे. अकीकची अंगठी. आपल्यात अनेकजण ती हौसेने वापरतात, शिया बांधवांत तर तिला खास मान आहे. अकीकच्या फजिलतीच्या ज्या रिवायती सांगितल्या जातात त्यांतल्या बऱ्याच कमकुवत असल्याचे सुन्नी मुहद्दिसांनी म्हटले आहे. पण तो वाद आज माझा विषय नाही. विषय हा, की अकीक म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत सिलिकाच. गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या टेकड्यांतून तो निघतो. तिथेच बाबा गोर यांचा दर्गा आहे, सिद्दी समाजाचे ते पीर, आणि अकीकच्या धंद्याशी त्यांचे नाव जोडले गेले आहे. तिथून दगड खंभातला जातो. तिथे त्याला भाजतात, फोडतात, सहाणेवर घासतात आणि झिलई देतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत चालत आले आहे. घासणारा घासतो आणि त्याच खोलीत, शेजारच्या घरात बायका-मुले तीच हवा श्वासात घेतात. खंभातच्या कारागिरांतला सिलिकोसिस आणि त्याच्या जोडीने येणारा टीबी याची नोंद संशोधकांनी वारंवार केली आहे. बरकतीसाठी बोटात घातलेला खडा कोणाच्या छातीतून घासून आला, हा प्रश्न आपण दुकानदाराला कधी विचारत नाही.

तिसरे उदाहरण गोध्र्याचे. अलीराजपूर, झाबुआ, धार भागांतले आदिवासी मजूर गोध्रा परिसरातल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जायचे आणि काही वर्षांत गावी परतून मरायचे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत असे सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने गुजरात सरकारला ते पैसे द्यायला लावले.

आणि महाराष्ट्रात? खडी क्रशर कुठल्या तालुक्यात नाही? कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत वाळूचे साचे पाडले आणि फोडले जातात, त्या वाळूत सिलिकाच असते. घरोघरी ग्रॅनाइटचे ओटे आणि जिने बसतात. ते कटरने कोरडेच कापणारी पोरे आपल्या मोहल्ल्यातली असतात, तोंडाला फार तर रुमाल. रुमालाने ती धूळ अडत नाही. जी डोळ्याला दिसते ती धूळ नाकात-घशात अडकते आणि खोकल्याबरोबर बाहेर पडते. घातक असते ती न दिसणारी, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापात मोजावी लागणारी. ती फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचते. शरीराच्या संरक्षक पेशी तिला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रण धरतो, गाठी होतात, लवचीक फुप्फुस ताठ होत जाते. एकदा सुरू झाले की काम सोडल्यानंतरही ते वाढू शकते, आणि ते मागे फिरवणारे औषध नाही. त्यात अशा फुप्फुसाला टीबी लवकर गाठतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ मध्येच स्फटिक सिलिकाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे.

माझ्या ओळखीतले एक फरशी बसवणारे चाचा आहेत. वीस-बावीस वर्षे कटर चालवला. एका दवाखान्यात त्यांना टीबीचा कोर्स दिला गेला, मग दुसऱ्यांदा दिला गेला. बेडका तपासला तर त्यात जंतू सापडत नव्हते. तरी एकाही डॉक्टरने त्यांना "तुम्ही काम काय करता?" हे विचारले नाही. फाइल जाड होत गेली. त्या फाइलमधले एकही नाव त्यांना वाचता येत नाही आणि कोणी ते वाचूनही दाखवले नाही. "छातीत डाग आहे" एवढेच त्यांना माहीत आहे. त्यांना सिलिकोसिसच आहे असा निवाडा मी देणार नाही, मी डॉक्टर नाही. पण हा प्रश्न त्यांना पहिल्या दिवशी विचारला जायला हवा होता एवढे नक्की. बर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर १७०० साली ग्रंथ लिहिला. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असे तेव्हाच त्याने वैद्यांना बजावले होते. तीनशे वर्षे उलटली.

कोणी म्हणेल, नाव कळून काय होणार? औषध तर नाहीच. मला हे पटत नाही. औषध नसलेल्या आजारातच नावाची किंमत जास्त असते. कारण तिथे उरतात दोनच गोष्टी, धुळीपासून दूर होणे आणि हक्काचे पैसे मिळणे, आणि दोन्ही नावावर अवलंबून आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसचा रुग्ण आढळला तर डॉक्टरने तो सरकारला कळवणे बंधनकारक केले. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस आणि त्याच्या जोडीने होणारा टीबी या दोन्हींचा समावेश होता. राजस्थानने २०१९ मध्ये खास धोरण आणले. त्यात सिलिकोसिसचा दाखला मिळाल्यावर ३ लाख आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपयांची तरतूद केली. हे सगळे दरवाजे एकाच शब्दाने उघडतात. कागदावर नुसता 'टीबी' असेल तर ते बंदच राहतात.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मजुराला नाव सांगितले की तो घाबरतो, मालकाला कळले की कामावरून काढतो. होय, असे होते. पण म्हणून अंधारात ठेवायचे, हा इलाज नाही. माहिती असलेला माणूस निदान पाणी मारून कापायचा हट्ट धरू शकतो, धूळ ओढून घेणारे यंत्र मागू शकतो, रुमालाऐवजी योग्य मास्क वापरू शकतो, आपल्या मुलाला त्या कामात घालायचे की नाही हे ठरवू शकतो. आणि जिथे सरकारे ठरवतात तिथे बरेच काही होते. ऑस्ट्रेलियात स्वयंपाकघराच्या ओट्यांचे कृत्रिम दगड कापणारी तरुण मुले सिलिकोसिसने आजारी पडू लागली, तेव्हा त्या देशाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावरच बंदी घातली.

यासाठी मराठीत नवा जड शब्द घडवायची गरज आहे असेही मला वाटत नाही. संस्कृतातून घडवलेला शब्द त्या चाचांना इंग्रजीइतकाच परका असतो. नव्या विद्येचे शब्द कसे आणायचे याचा धडा इतिहासात आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने जालीनूसचे, म्हणजे गेलेनचे, ग्रीक ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले. जिथे अरबी शब्द मिळाला तिथे तो वापरला, जिथे नाही तिथे ग्रीक शब्द अरबी जिभेला जमेल असा करून घेतला आणि अर्थ समजावला. पुढे हाच प्रवास उलट झाला. मेंदूवरच्या जाड आवरणाला आज जगभरचे डॉक्टर 'ड्युरा मेटर' म्हणतात. त्यातली 'मेटर', म्हणजे आई, ही अरबीतल्या 'उम्म'चे लॅटिन भाषांतर आहे. आपल्या मराठीतले इलाज, मलम, जुलाब हेही असेच फिरत आलेले शब्द आहेत. तेव्हा सिलिकोसिस हा शब्द तसाच राहू द्या. चार तुकड्यांत म्हणून दाखवा, रुग्णाकडून म्हणवून घ्या आणि पुढे सांगा, दगडाच्या धुळीने फुप्फुसाला होणारा आजार. याला अर्धा मिनिट पुरतो.

हे अर्धे मिनिट डॉक्टरने द्यावे ही माझी पहिली मागणी आहे. त्यात आपल्या समाजातून डॉक्टर झालेली मुले-मुलीही आली. रुग्णाची भाषा त्यांना येते, त्यामुळे सबब सांगायला जागा कमी आहे. दुसरी मागणी वाचकाकडे. घरात ओटा बसवताना, फरशी कापून घेताना कारागिराला पाणी मारून कापायला सांगा. चिखल होतो, थोडा वेळ जास्त लागतो, दोन पैसे जास्त द्यावे लागतात. ते द्या. तिसरी आपल्या मशिदींच्या जमातींकडे आणि तरुण मंडळांकडे. रक्तदानाचे, डोळ्यांचे शिबिर आपण भरवतो. दगड, वाळू, फरशीचे काम करणाऱ्यांसाठी एकदा छातीच्या तपासणीचे शिबिर भरवा, आणि केसपेपरवर कामाचा रकाना ठेवा. किती वर्षे, कुठे, कोणत्या दगडावर. हा तपशील पुढे दाखल्याच्या वेळी उपयोगी पडतो.

आणि ४५ अक्षरांचा तो शब्द? तो मुलांना जरूर शिकवा. तोडून, हिज्जे करून, एकेक तुकडा जोडत शिकवा. पोराने म्हणून दाखवला की शाबासकी द्या. पण त्याबरोबर त्याला हेही सांगा, की गल्लीच्या तोंडाशी कटर लावून पांढराफटक होऊन बसलेला जो माणूस आहे, हे त्याच्या आजाराचे नाव असू शकते. मग पोर विचारेल, त्याला हे माहीत आहे का? उत्तर देता येत नसेल तर त्याला घेऊन त्या माणसाकडे जा आणि विचारा.